पूर्ण प्रवासाचं भाडं: एक हत्ती

दुसऱ्या वर्षाचं अनुदान मंजूर झालं आणि कप्तान पाळणाघरातच राहिली.

मित्रांनो, हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. ते चुकून पुढे घसरलं. माझ्यावर ठेवलेली कोणतीही गोष्ट पुढे घसरते, त्याला माझा इलाज नाही. आपण असं धरून चालू, की अजून काहीही मंजूर झालेलं नाही, कप्तानचं काय होणार हे कोणालाच ठाऊक नाही आणि तुम्ही काळजीत आहात. जरा काळजी करा बघू. हं. आता जमलं.

मी एका पाळणाघराच्या दारातला लाकडी उतार आहे. वय झालंय माझं. खाली फाटकापाशी उभी असलेली माणसं मला चढ म्हणतात आणि वर दारापाशी उभी असलेली उतार म्हणतात. यावरून आजवर भांडण झालेलं नाही, कारण माणूस वर पोहोचला की त्याचं मत आपोआप बदलतं.

माझ्या फळ्या आधी एका नाट्यगृहाच्या रंगमंचावर होत्या. मोठेपणा सांगायचा म्हणून सांगत नाही, पण सांगतो. माझ्या अंगावर राजे तलवार लागून मेले आहेत आणि पडदा पडल्यावर उठून चहा प्यायला गेले आहेत. एक राजा तर मेल्यावर घोरायला लागला होता आणि त्याच्या राणीला रडण्याचा आवाज वाढवावा लागला होता. पुढे ते नाट्यगृह मोडलं. माझ्या फळ्या एका सुताराच्या दुकानामागे येऊन पडल्या. तिथे वाळवीशी ओळख वाढणार, एवढ्यात मावशी आली.

मावशी म्हणजे जगाची मावशी. मुलांची मावशी, मुलांच्या आयांची मावशी, आणि पोस्टमन तिच्यापेक्षा चांगला मोठा असूनही त्याचीसुद्धा मावशीच. आपल्या तळमजल्यावरच्या घरात ती पाळणाघर चालवत होती. पुढच्या खोलीत सतरंजी, मधल्या खोलीत झोपायच्या गाद्या, भिंतीला मुलांच्या उंचीवर ठोकलेल्या खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर एकेक पिशवी. घरात सगळं मुलांच्या मापाचं होतं. फक्त दारात तीन पायऱ्या होत्या, आणि त्या कोणाच्या मापाच्या होत्या हे कोणीच कधी विचारलं नव्हतं.

मग एक दिवस कप्तान आली. हे माझ्या जन्माआधीचं आहे. मला ते दारातल्या पायपुसण्याने सांगितलं. पायपुसणं थोडं तिखटमीठ लावतं, पण येणाजाणाऱ्यांची खबर त्याच्याइतकी कोणाकडे नसते.

कप्तानचे बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते सगळ्या गावाला वर-खाली करत आणि स्वतःच्या मुलीला मात्र कडेवर घेऊन फिरत. कप्तान चार वर्षांची होती. तिचे पाय तिचं ऐकत नसत. बाकी सगळे ऐकत, कारण ती बोलायला लागली तीच हुकूम सोडत. तिची आई रुग्णालयात नर्स होती आणि तिच्या पाळ्या घराला विचारून लागत नसत. त्यामुळे कप्तानचे दिवस बाबांच्या बरोबर, इमारतींच्या गच्चीवरच्या लिफ्टच्या खोल्यांमध्ये जात. तिथे दोरांची घरघर, तेलाचा वास आणि खेळायला जुनी बटणं. एकाही मुलाशी ती कधी खेळली नव्हती. सातव्या मजल्याशी मात्र तिची चांगली ओळख होती.

बाबांनी गावातली पाळणाघरं पालथी घातली होती. एकीने सांगितलं, जागा नाही. दुसरीने सांगितलं, सोय नाही. तिसरीने सांगितलं, आमच्या बाकीच्या मुलांना वाईट वाटेल. बाकीच्या मुलांना कोणी विचारलं नव्हतं.

मावशीनेही आधी हात वर केले. पण खरं बोलून केले.

"हे बघ भाऊ, खोटं नाही सांगणार. दहा पोरं आहेत आणि हात दोन. एकाला शी झाली की बाकीची नऊ देवाच्या भरवशावर. हिला उचलून मी आत गेले, की बाहेर जग बुडालंच म्हणून समज."

"मग मी काय करू, मावशी?"

"आधी पाणी पी."

बाबा पाणी प्यायला आत गेले. कप्तान आपल्या चाकाच्या खुर्चीत पायऱ्यांच्या खाली राहिली. तिने पायऱ्या पाहिल्या. दारातून डोकावणारी दहा डोकी पाहिली. मग मावशीला म्हणाली, "ह्या पायऱ्या काढा."

"आत्ता?"

"आत्ता नको. उद्या काढा."

पायपुसणं सांगतं, की मावशीला त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या मते हे तिखटमीठ आहे, पायपुसणं रात्री बाहेर असतं. पण एवढं खरं, की मावशी दुसऱ्या दिवसापासून दिसेल त्याला विचारत सुटली आणि तिला शोध लागला, की अशा मुलांना इतर मुलांच्या बरोबरीने सामावून घेणाऱ्या पाळणाघरांना अनुदान मिळतं. दाराला उतार, एक जादा मदतनीस आणि त्या मदतनिसाचं प्रशिक्षण. पहिलं वर्ष मिळेल, दुसरं वर्ष पाहणी झाल्यावर. आणि अट एकच: या सोयीसाठी कोणत्याही मुलाकडून कसलंही शुल्क घ्यायचं नाही.

ही अट लक्षात ठेवा, मित्रांनो. मावशीनेही ठेवली होती. मदतनिसाला सांगायची तेवढी राहून गेली.

तर असा माझा जन्म झाला. सुतार तोंडात खिळे धरून बोलणारा होता, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य टोकदार निघे. "पायरी एक वीत, तर उतार बारा विती," तो म्हणाला. "कमी केला तर घसरगुंडी होईल. मग मला शिव्या नकोत." त्या हिशेबाने मी दारापासून निघालो तो मध्ये एक वळण घेऊन फाटकाला जाऊन टेकलो. दोन्ही बाजूंना कठडा, वर खरखरीत पट्ट्या, म्हणजे चाक सरकू नये. तिन्ही पायऱ्या माझ्या पोटाखाली गेल्या. त्या अजूनही तिथेच आहेत. आमचं बोलणं नाही.

आता आत जायचा रस्ता एकच उरला, आणि तो म्हणजे मी. कप्तान माझ्यावरून जायची, पोस्टमन माझ्यावरून जायचा, दुधाचे कॅन आणि शेजारचं मांजरही माझ्यावरूनच. मांजराने तर मला पहिल्याच दिवशी स्वतःच्या नावावर करून घेतलं.

राहिला मदतनीस. मावशीने सगळीकडे सांगून ठेवलं: माणूस धीराचा हवा, गर्दीत डोकं शांत ठेवणारा, ओकारीला न घाबरणारा. समोरच्या घरात एक निवृत्त बस कंडक्टर राहत होता. तो रस्ता ओलांडून आला आणि म्हणाला, "अहो, हे तर माझंच वर्णन आहे."

प्रशिक्षणात त्याला बऱ्याच गोष्टी शिकवल्या. मूल उचलताना कमरेतून नाही, गुडघ्यांतून वाकायचं. त्याच्याशी बोलताना त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर यायचं. आणि न विचारता त्याच्या खुर्चीला हात लावायचा नाही, कारण खुर्ची म्हणजे त्याचे पाय, आणि आपले पाय कोणी न विचारता ढकलले तर आपल्याला चालेल का? कंडक्टरकाकांना हे फार पटलं. पहिल्या दिवशी ते कप्तानसमोर गुडघ्यावर बसले.

"ढकलू का?"

"हळू."

"किती हळू?"

"वळणावर बस जाते तसं."

कंडक्टरकाकांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं आयुष्यभर ते अशा ड्रायव्हरची वाट पाहत होते.

पण पहिल्याच सकाळी माझ्यावर वाहतूक तुंबली. वरून कप्तान खाली येत होती, खालून नऊ पोरं किंचाळत वर येत होती आणि वळणावर भोंगा आडवा पडला होता. भोंगा हा तीन वर्षांचा एक मुलगा. त्याचं रडणं ऐकून एकदा समोरच्या कारखान्यातले लोक जेवायच्या सुट्टीसाठी बाहेर आले होते. या गोंधळात एकीचा दात पडला. तो पडायचाच होता, पण तिने आरोप माझ्यावर केला.

दुसऱ्या दिवशी कंडक्टरकाका घरून आपली जुनी चामड्याची पिशवी घेऊन आले. पिशवीत तिकिटाला भोक पाडायचा चिमटा होता. त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं कापून तिकिटं केली. माझ्या खालच्या टोकाला कप्तानची खुर्ची लावली आणि खुर्चीला मागे एक लांब दोर बांधला. कप्तानच्या हातात डब्याचं गोल झाकण दिलं. ते स्टिअरिंग.

"चला, एकामागे एक! दोर धरा! पुढे सरका, पुढे जागा आहे!"

"मला बसायचंय गाडीत," भोंगा म्हणाला.

"तिकीट काढ."

"पैसे नाहीत."

कंडक्टरकाका अडले. फुकट तिकीट देणं त्यांच्या रक्तात नव्हतं. तीन वर्षांच्या मुलाकडून पैसे घेणंही रक्तात नव्हतं. दोन्हीकडून घोडं अडलं, तेव्हा ड्रायव्हरने मागे वळून निकाल दिला.

"त्याला हत्ती करायला सांगा."

भोंग्याने हत्ती केला. कारखान्यातून दोन माणसं बाहेर आली.

तेव्हापासून भाडं ठरलं. फाटकापासून दारापर्यंत पूर्ण प्रवासाला मोठा प्राणी: हत्ती, वाघ, गाढव. वळणापर्यंतच जायचं असेल तर मांजर किंवा कोंबडी. बेडकावरून वाद झाला आणि तो शेवटी अर्ध्या तिकिटात धरला. तिकिटाला भोक पडलं की काका घंटीचा आवाज काढत, विचारत, "ढकलू का?" आणि ड्रायव्हर म्हणे, "सोडा!" मग खुर्ची पुढे आणि दोर धरून सगळी पोरं मागे, अशी ती गाडी माझ्यावरून चढायची. वळणावर कप्तान ओरडायची, "वळण!" आणि सगळे एका बाजूला कलायचे. वळण एवढंसं होतं, कलण्याची काही गरज नव्हती. पण कललं नाही तर गाडी उलटेल असं ड्रायव्हरचं मत होतं.

मित्रांनो, रंगमंचावर मी टाळ्या पुष्कळ ऐकल्या. पण तिथे लोक माझ्यावर उभ्या असलेल्यांसाठी टाळ्या वाजवत. इथे मी स्वतः रस्ता होतो. मला बढती मिळाल्यासारखं वाटलं.

आणि अशाच एका सकाळी मॅडम आल्या.

मॅडम अनुदानाच्या कार्यालयातून पाहणीला आल्या होत्या. खांद्याला पिशवी, हातात फाइल, गळ्यात ओळखपत्र. मावशी आत एका बाळाला अंघोळ घालत होती. कप्तानचे बाबा तिला सोडून नुकतेच निघाले होते आणि फाटकाशी बुटाची नाडी बांधत होते. मॅडमनी प्रथम मला पाहिलं. पिशवीतून पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी काढून त्यांनी माझा उतार मोजला. मी श्वास रोखून धरला. बुडबुडा जिथे थांबायला हवा तिथे थांबला. मॅडमनी मान डोलावली.

मग त्यांनी मुलांची रांग पाहिली. प्रत्येकाच्या हातात तिकीट.

"हे काय आहे?" मॅडमनी विचारलं.

आता कंडक्टरकाकांचं सांगायचं, तर गळ्यात ओळखपत्र आणि हातात फाइल घेतलेलं माणूस अचानक फाटकात उभं राहिलं, की त्यांचं शरीर आपोआप ताठ व्हायचं. उभा जन्म बसमध्ये तपासणीला तोंड दिलेलं शरीर ते. त्यांनी टाचा जुळवल्या आणि छाती पुढे काढली.

"नमस्कार मॅडम! सगळे प्रवासी तिकीटधारक. तुम्ही स्वतः बघा. मी इथे लागल्यापासून एक पोरगं फुकट सोडलेलं नाही!"

मॅडमचं पेन थांबलं.

"एकही नाही?"

"एकही नाही, मॅडम! अहो, मावशीचं घर आहे, पण मावशीसुद्धा तिकीट काढते. परवा एक रांगतं बाळ पळून वर चाललं होतं, त्याला वळणावर धरलं आणि वसूल केलं!"

मावशी साबणाचे हात घेऊन दारात आली ती नेमकी या वाक्याला. तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"काका," ती हळूच म्हणाली, "गप्प बसा."

"का? हिशेब चोख आहे माझा."

मॅडम कप्तानकडे वळल्या. "आणि या मुलीकडूनही घेता?"

"तिच्याकडून कसं घेणार? ती ड्रायव्हर आहे."

मॅडमनी फाइल उघडली. त्यांचा आवाज कठोर नव्हता. तो कठोर असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

"मावशी, उतार उत्तम आहे. पण या सोयीसाठी शुल्क घेतलं, तर पुढचं अनुदान देता येत नाही. मदतनीसही मग नाही. नियम आहे. माझ्या हातात नाही."

बाबांची नाडी बांधायची राहून गेली. ते उठले.

"मॅडम, काका नसले तर मावशीला हिला ठेवून घेता येणार नाही. दोन हात आहेत तिला. मग मी हिला पुन्हा लिफ्टच्या खोलीत घेऊन बसू का? तिथे तिला सगळं येतं. कोणता दोर झिजलाय तेसुद्धा ओळखते. पण मॅडम, तिथे तिला 'वळण' म्हणायला कोणी नाही."

मी तर लाकूडच, पण माझ्याही एका खिळ्याचं डोकं वर आलं.

मॅडमनी पेन पुन्हा उचललं. "मला लिहावं तर लागेल. किती घेता?"

"अंतरावर आहे," काका म्हणाले. त्यांचा आवाज आता अर्ध्या तिकिटाचा झाला होता. "पूर्ण प्रवासाला हत्ती. वळणापर्यंत मांजर."

"काय?"

"कोंबडीही चालते."

मॅडमनी मावशीकडे पाहिलं. मावशीने साबणाच्या हातानेच कपाळाला हात लावला. "भोंग्या," ती म्हणाली, "भाडं दे रे बाळा."

भोंग्याने दिलं. कारखान्यातून आता कोणी बाहेर येत नसे, सवय झाली होती. पण मॅडम नवीन होत्या, त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या.

"मला आतलीही पाहणी करायची आहे," त्या थोड्या वेळाने म्हणाल्या आणि त्यांनी माझ्यावर पाऊल टाकलं.

"तिकीट?" कप्तानने विचारलं.

बाबांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, त्या मॅडम आहेत!"

"मॅडम पूर्ण की अर्ध्या?"

"कप्तान!"

"बाबा, ड्रायव्हरशी बोलू नका. तिकीट नसेल तर गाडी सुटणार नाही."

मॅडमनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. दुसरा रस्ता असता, तर त्या गेल्या असत्या की नाही, हे मला सांगता येणार नाही. पण पायऱ्या माझ्या पोटाखाली होत्या. आमच्याकडे मोठ्यांचा वेगळा आणि लहानांचा वेगळा असा रस्ता नव्हताच.

"अर्धं द्या," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

"अर्ध्यात आत जाता येत नाही," काका तितक्याच हळू म्हणाले. "वळणावर उतरावं लागेल. माझ्या हातात नाही, मॅडम."

तेव्हा मॅडमनी फाइल तोंडासमोर धरली आणि फाइलमागून एक आवाज आला. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. खोल, ओला, तक्रारखोर. मांजर कठड्यावरून उडी मारून गेलं ते दोन दिवस आलं नाही.

"हे काय होतं?" कप्तानने विचारलं.

"उंट."

"उंट असा ओरडतो?"

"मी ऐकलाय."

कप्तानने विचार केला. उंट त्या रांगेत आजवर कोणी भरला नव्हता. "बरं," ती म्हणाली. "दोर धरा."

उंटावरून शेळ्या हाकणारे अधिकारी मी पुष्कळ ऐकले होते, मित्रांनो. स्वतः उंट होणारा अधिकारी मी पहिलाच पाहिला. मॅडम भोंग्याच्या मागे, एका हातात दोर आणि दुसऱ्या हातात फाइल घेऊन माझ्यावरून चढल्या. कप्तान ओरडली, "वळण!" आणि मॅडम सगळ्यांच्या बरोबर, सगळ्यांच्याच बाजूला कलल्या.

एवढ्यावर काम झालं असतं तर ते कार्यालय कसलं? मॅडमनी अहवालात खरं तेच लिहिलं: शुल्क घेतलं जात नाही, भाडं प्राण्यांच्या आवाजात घेतलं जातं, पाहणी करणाऱ्याने स्वतः एक उंट भरला. वरून विचारणा आली, की उंटाची पावती जोडावी. मॅडमनी तिकीट जोडलं. पुन्हा विचारणा आली, की तिकिटावरील भोक कोणत्या अधिकारात पाडलं?

हे सगळं चाललं तोवर इकडे आमचा जीव टांगणीला. बाबा रोज सकाळी विचारत, "आलं का काही?" आणि मावशी म्हणे, "येईल रे." कंडक्टरकाकांनी तर कानाला खडा लावला. पिशवी घरी ठेवून आले आणि म्हणाले, "आजपासून सगळ्यांना फुकट." पण पोरं फुकट जायला तयार होईनात. दहाच्या दहा फाटकाशी उभी.

"चला ना रे," काका म्हणाले.

"तिकीट द्या!"

"अरे, माझ्यामुळे तुमच्या ड्रायव्हरची गाडी बंद पडेल!"

कप्तानने त्यांना जवळ बोलावलं. काका गुडघ्यावर बसले.

"काका, पिशवी आणा."

"नको गं राणी. भीती वाटते."

"मग पळत जा आणि पळत या. म्हणजे कमी वेळ भीती वाटेल."

काका गेले. पळत गेले की नाही ते सांगत नाही, त्यांच्या वयाचा मान ठेवायला हवा. पण आले ते पिशवी घेऊन आले.

आणि मग ते पत्र आलं. मावशीने दारात उभं राहून मोठ्याने वाचलं. दुसऱ्या वर्षाचं अनुदान मंजूर, मदतनीस कायम. (तुम्ही आश्चर्याने तोंडात बोट घाला. धन्यवाद.) खाली एक अट होती: सदर भाडेदरात कार्यालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय वाढ करू नये.

बाबा ऐकता ऐकता माझ्यावर बसले, अगदी वळणावर. नुसता माझ्या पट्ट्यांवरून हात फिरवत राहिले.

"बाबा, रस्त्यात बसू नका," मागून ड्रायव्हर म्हणाली.

"बसू दे गं जरा."

"मांजर द्या मग."

बाबांनी मांजर दिलं. जरा फाटकं होतं, पण चाललं.

त्यानंतरचे माझे दिवस सुखाचे गेले. अटीप्रमाणे हत्तीच्या वर आम्ही गेलो नाही. कोणीतरी देवमासा सुचवला होता, पण काकांनी नियमावर बोट ठेवलं. भाडं कमी करायला मात्र मनाई नव्हती, आणि ते उपयोगी पडलं. कारण पुढे एक मुलगा आला, त्याला मोठा आवाज सहन होत नसे. पहिल्या दिवशी भोंग्याचा हत्ती ऐकून तो दोन्ही कान दाबून खाली बसला. कप्तानने गाडी थांबवली. बराच वेळ झाकण हातात फिरवलं.

"आजपासून हत्ती तोंडाने नाही," तिने जाहीर केलं. "हत्ती दिसला पाहिजे, ऐकू नाही आला पाहिजे."

मित्रांनो, तुम्ही कधी मुका हत्ती पाहिलाय? हात नाकाला लावून, डोळे बारीक करून, आवाज न करता सोंड उचलणारी पोरं रांगेने उभी आहेत. सगळ्यांत अवघड भोंग्याला गेलं. त्याचा चेहरा लालबुंद व्हायचा, पण तो आवाज आत ठेवायचा. तो नवा मुलगा मग कानावरचे हात काढायचा आणि दोर धरायचा. रंगमंचावर मी खूप अभिनय पाहिला आहे. याच्या जवळपासही काही नव्हतं.

मग कानात यंत्र लावणारी एक मुलगी आली, मग काठीने चालणारे एक आजोबा नातवाला सोडायला येऊ लागले. गाडी सगळ्यांना पुरली.

दुःख मुळीच नव्हतं असं नाही. माझा रंग गेला. मधली एक फळी भिजून कुजली, सुताराने ती बदलली आणि नवी फळी अजून स्वतःला पाहुणी समजते. कधी शेजारी माझ्यावर कुंड्या उन्हात ठेवतात, कधी कोणी "दोनच मिनिटं" म्हणून स्कूटर लावून जातं. मित्रांनो, तुमच्या गावात कुठे माझा भाऊबंद दिसला तर त्याच्यावर कुंडी ठेवू नका. कुंडी कुठेही ठेवता येते. चाकाच्या खुर्चीला दुसरीकडून जाता येत नाही. आणि वर आलेला खिळा दिसला तर कोणाला तरी सांगा. एवढीच निगा लागते आम्हाला. दूध-पाणी काही लागत नाही.

आता कप्तान सहा वर्षांची झाली आहे आणि मोठ्या शाळेत जाते. स्टिअरिंग भोंग्याकडे आलंय. तो बरा चालवतो, पण वळण विसरतो. परवा कप्तान मावशीला भेटायला आली होती. पूर्ण भाडं भरून आली. दारात बसून तिने सांगितलं, की शाळा चांगली आहे, बाई चांगल्या आहेत, बाक चांगले आहेत. फक्त दाराला सात पायऱ्या आहेत. बाबा रोज उचलून नेतात. शाळेतले लोक म्हणतात, बघू.

"मी सांगितलंय त्यांना, काढा म्हणून," ती म्हणाली.

"मग?" मावशीने विचारलं.

"उद्या काढतील."

ती गेल्यावर मी पुष्कळ विचार केला आणि मॅडमच्या कार्यालयातली भाषा जेवढी आठवली तेवढी वापरून एक अर्ज तयार केला. मला हात नाहीत, म्हणून तो इथेच देतो. तुमच्यापैकी कोणी त्या बाजूला जात असेल, तर नेऊन द्यावा.

प्रति, संबंधित अधिकारी.

विषय: शाळा खाली घेण्याबाबत.

महोदय, उपरोक्त शाळेस सात पायऱ्या असून अर्जदार फक्त तीन पायऱ्यांपुरता लांब आहे. अर्जदाराची लांबी वाढवणे वयोमानानुसार शक्य नाही. सबब विनंती की, सदर शाळा, मुलं सुट्टीवर असताना, सोयीचा दिवस पाहून, इमारतीस धक्का न लावता, सरळ चार पायऱ्या जमिनीत खाली घेण्यात यावी.

उरलेल्या तीन अर्जदार पाहून घेईल.